चौकशीचे दोन चहा

हितेंद्रचा फायदा उघड होता. महिन्याला अठ्ठावीस हजार पगार, राहायला मिलच्या आवारात दोन खोल्या, वीज-पाणी मालकाचं आणि वर्षभराची तूरडाळ घरात फुकट. त्याबदल्यात द्यायचं काय? काहीच नाही. अनामत नाही, वशिला नाही, मुलाखत नाही, 'कळवतो' नाही. मालकच फोन करून म्हणत होता, या. जळगावात पंधरा हजारांच्या एका जागेसाठी सत्तर-सत्तर माणसं बायोडाटा घेऊन उभी असताना जमेच्या बाजूला एवढं सगळं, आणि खर्चाची बाजू कोरी.

हितेंद्रला खटकलं ते नेमकं इथंच.

तसं त्याचं पोटच खटकण्यावर चालत आलेलं. शेतीच्या पाईपांच्या एका कारखान्यात तो सतरा वर्षं तपासनीस होता. माल यार्डात आला की उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर पाईपावर मारायचा, टक टक, आणि कान लावायचा. भरीव वाजला तर पुढे, पातळ वाजला तर बाजूला. मोजमापाची यंत्रं होती, पण ती मागाहून बोलायची आणि बहुतेक वेळा पेराचंच म्हणणं मान्य करायची. शंभरात तीन पाईप तो काढायचाच. एखाद्या दिवशी एकही निघाला नाही तर माल चांगला आहे असं त्याच्या मनात येत नसे. आपला कान बिघडला, असं वाटून त्याला जेवण जात नसे. ही खोड कारखान्याच्या फाटकात थांबली असती तर बरं होतं. घरी नवं ताट आलं, टकटक. पाहुण्यांच्या घरी गेला, खुर्चीच्या हातावर टकटक. मेहरूणमधला कलिंगडवाला त्याला लांबून पाहिलं की गाडी पुढे ढकलायचा.

मंदी आली ती एकदम नाही आली. आधी कॅन्टीनमधली दुसरी भाजी गेली. मग ओव्हरटाइम गेला, मग कंत्राटी पोरं गेली आणि गणपती उठल्यावर चौसष्ट जणांची यादी लागली. माल कमी निघतोय तर तपासायला दोन माणसं कशाला, असा सरळ हिशोब. हितेंद्रचं नाव एकोणिसावं होतं. वय त्रेचाळीस.

त्यानंतरचे दोन महिने त्याने जळगाव नव्याने पाहिलं. सोन्याच्या एका मोठ्या दुकानात काउंटरला माणूस हवा होता. तिथल्या बाईंनी त्याच्या केसांकडे बघून 'तिशीच्या आतला' असं गोड शब्दांत सांगितलं. विम्याच्या साहेबांनी चहा पाजला आणि आधी स्वतःच्या दहा नातेवाइकांची यादी लिहायला लावली. एका गोदामाला सुरक्षा सुपरवायझर पाहिजे होता, बारा हजार, आणि शिट्टी स्वतःची. घरबसल्या कामाची एक जाहिरात होती, तिला फक्त चार हजार आधी भरायचे होते. हितेंद्रने प्रत्येकाला मनातल्या मनात टकटक केली. सगळे पातळ वाजले.

आणि अशात हा फोन. गिरधर आबा, शिरपूरजवळच्या एका गावचे. स्वतःच्या शेतावर डाळमिल टाकलेली, संक्रांतीनंतर नवी तूर आली की चालू करायची. शेतकऱ्यांकडून तूर पारखून घ्यायला माणूस पाहिजे.

"पण मी पाईपवाला, आबा. तुरीतलं मला काय कळतं?"

"तूर शिकता येते हो. दाण्याला दात लावायचा, ओली की सुकी ते दातच सांगतो. खरं बोलणं नाही शिकता येत." आबा सावकाश बोलायचे. "पाच वर्षांपूर्वी माझे पाईप फुटले होते. मी घेऊन आलो, तर तुमच्या ऑफिसातले म्हणाले, तुमच्या मोटरचा दाब जास्त आहे. तुम्ही यार्डातून आलात, दोनदा वाजवून पाहिलं आणि म्हणालात, आबा, लॉटच पातळ आहे, लेखी तक्रार करा. सगळे पाईप बदलून मिळाले मला. याद आहे?"

हितेंद्रला आबा आठवत नव्हते. त्या वर्षी आपली पगारवाढ का रोखली गेली, ते मात्र आता कळलं.

फोन ठेवून तो चारुलताला म्हणाला, "एवढ्याशा गोष्टीसाठी कुणी अठ्ठावीस हजार देतं का?"

चारुलता साड्यांना फॉल लावायची. यादी लागल्यापासून घर त्या सुईवर चाललं होतं. सुईतून दोरा ओढत ती म्हणाली, "देणारा देतोय, तर घेणाऱ्याच्या पोटात का दुखतंय?"

"उद्या कागदावर मला मॅनेजर दाखवतील. सह्या माझ्या घेतील. मिल बुडाली की हे शेतात आणि मी कोर्टात. आमच्या पॅकिंगच्या चौधरीचं असंच झालं. चौकशी केल्याशिवाय मी जात नसतो."

"सोयरीक करताय का नोकरी?"

"सोयरिकीपेक्षा अवघड आहे हे. मुलगी परत आणता येते, केलेली सही परत आणता येत नाही."

चारुलताने एकदा वर पाहिलं आणि पुन्हा साडीत डोकं घातलं.

चौकशीला माणूस घरचाच होता. हितेंद्रचे साडू शालिग्रामभाऊ, धुळ्याचे, एसटीतून निवृत्त झालेले वाहक. खानदेशातल्या निम्म्या गावांना त्यांनी कधी ना कधी तिकीट फाडलेलं. निवृत्तीनंतर त्यांनी एकच धंदा मन लावून केला होता, सोयरिकीच्या चौकश्या. त्यांच्या बोलण्याप्रमाणे एकवीस सोयरिकी त्यांनी जुळवल्या होत्या आणि चार मोडल्या होत्या, आणि अभिमान चारांचाच जास्त होता.

"कपडे चांगले घाला," ते म्हणाले. "चांगल्या कपड्यांसमोर माणूस तोंड उघडतो. आणि पैशाचं सरळ विचारायचं नाही. घर कसं आहे, एवढंच विचारायचं. घर कळलं की मालक कळला."

"भाऊ, ही मिलची चौकशी आहे."

"चौकशी म्हणजे चौकशी! तुम्ही मला तिकीट फाडायला शिकवू नका."

इस्तरीचे शर्ट घालून दोघं मोटरसायकलवर निघाले, तापीचा पूल ओलांडून अकराच्या सुमाराला आबांच्या गावात पोचले. शालिग्रामभाऊंचा क्रम ठरलेला होता: आधी चहावाला, मग न्हावी, मग किराणा. गावच्या फाट्यावर मंदाबाईचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे पत्रा, दोन बाकडी आणि एक स्टोव्ह.

"कथाईन उनात भाऊ?" मंदाबाईने विचारलं.

"जळगावहून," हितेंद्र बोलून गेला. सांगू नका म्हणून शालिग्रामभाऊंनी मारलेलं कोपर उशिरा पोचलं.

"कोनाकडे?"

"कोणाकडे नाही," शालिग्रामभाऊंनी सूत्रं हातात घेतली. "सहज. गिरधर आबांचं घर कसं आहे, म्हटलं जरा विचारावं."

मंदाबाईने हात पदराला पुसले. दोघांच्या इस्तरीवरून नजर फिरवली. स्टोव्हवरचा चहा खाली उतरवून तिने नवं आधण ठेवलं, निव्वळ दुधाचं, आणि आलं ठेचायला घेतलं.

"आबानं घर? सोनं शे भाऊ, सोनं. बठ्ठा गावले इचारा."

"देण्याघेण्याला?"

"शब्दना पक्का मानूस. कोनाना एक पैसा ठेवतस नही."

"घरात वादविवाद?"

"कमलअक्काना आवाज आजपावत वट्टानी भाईर उना नही. आनि पोर तर..." मंदाबाईने चहा गाळता गाळता आवाज मऊ केला. "भाविका. शिकेल शे. मिलना बठ्ठा हिशोब तीच लिखी."

"वय काय मुलीचं?" शालिग्रामभाऊंनी विचारलं. एकवीस सोयरिकींची जीभ. आपण काय विचारलं ते त्यांना स्वतःलाही कळलं नाही.

"चोवीस. बी.कॉम. शे."

हितेंद्र बाकड्यावर पेर मारत बसला होता, टक टक. त्याच्या डोक्यात वेगळीच नोंद झाली: हिशोब घरातलंच माणूस लिहिणार, म्हणजे लपवायला सोपं.

निघताना त्याने वीसची नोट पुढे केली. मंदाबाईने दोन्ही हातांनी ती मागे सारली. "ऱ्हाऊ द्या. पाव्हनासपाईन पैसा नही लेतस आम्ही."

न्हावी म्हणाला, सोनं. किराणावाला म्हणाला, सोनं, आणि वर खडीसाखर हातावर ठेवली. परतीच्या वाटेवर हितेंद्र मागे बसून शालिग्रामभाऊंच्या कानात ओरडत होता, "पैसे का घेतले नाहीत तिने?"

"मान हो! पाहुण्यांचा मान!"

"आपण कुठले पाहुणे? कोण लागतो आपण तिचे? तीन ठिकाणी विचारलं, तिन्ही ठिकाणी एकच शब्द. शंभरातले शंभर पाईप पास, भाऊ! एक तर कान बिघडलाय, नाहीतर माल आधीच निवडून ठेवलाय. आबांनी गावाला पढवून ठेवलंय!"

आठ दिवसांनी तो पुन्हा गेला, एकटाच. यावेळी कडेकडेने चौकशी करायची ठरवून त्याने पिठाच्या गिरणीपाशी ताईबाई नावाच्या म्हातारीला गाठलं. म्हाताऱ्या माणसाला कोण पढवणार?

"आजी, गिरधर आबांच्या घरात काही लपवलेलं? आजारपण, कोर्टकचेरी? खरं सांगा. माझ्या घराचा प्रश्न आहे."

ताईबाईने डबा खाली ठेवून त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "पोऱ्या काय करस तुमना?"

मुलाची चौकशी कशाला, असं हितेंद्रच्या मनात आलं. पण म्हातारी बोलती राहावी म्हणून त्याने तेजसचं खरं ते सांगितलं. "दहावीला आहे."

"दहावीले?"

"हो. मार्चमध्ये परीक्षा."

ताईबाईने डबा उचलला, डोक्यावर ठेवला आणि वयाला न शोभणाऱ्या वेगाने, गल्लीत दिसेनाशी झाली. तिचं पीठ अजून गिरणीत पडत होतं.

कोर्टकचेरी म्हटल्याबरोबर पळाली, हितेंद्रने मनाशी नोंद केली. सापडला. शंभरातला पहिला पातळ पाईप सापडला.

मग तो गप्प बसला. आबांचे दोन फोन आले. 'बघतो', 'घरी विचारतो' म्हणत त्याने ते टोलवले. आपण गप्प बसलो की समोरचा घाईला येतो आणि घाईत पोटातलं ओठावर येतं, हा त्याचा अनुभव. आबा मात्र घाईला आले नाहीत. तिसरा फोन आलाच नाही. उलट घाईला आली चारुलता. तेजसच्या क्लासच्या फीची तारीख तिने भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर गोल करून ठेवली. गोदामाची शिट्टीसुद्धा तोवर दुसऱ्याच्या गळ्यात गेली होती.

शेवटी एका शनिवारी कागदावर नऊ प्रश्न लिहून तो चोपड्यावरून शिरपूरला जाणाऱ्या एसटीत बसला.

आबांचं घर मिलला लागूनच होतं. साठीचे, पांढरी टोपी, सरळ बसणारे गृहस्थ. त्यांनी "या हितेंद्रभाऊ" म्हटलं, पण नजर दुसरीकडेच होती. कमलबाई, त्यांच्या पत्नी, पाणी ठेवून आत गेल्या, डोळे सुजलेले. भिंतीला शिडी लावून एक मुलगी घासून लख्ख केलेली पितळी ताटं एकेक करून माळ्यावर चढवत होती. आबांनी कोपऱ्यातल्या अकरा खोक्यांच्या चळतीतलं वरचं खोकं उघडून पुढे केलं. पेढे.

"काही शुभकार्य?" हितेंद्रने पेढा तोंडात टाकत विचारलं.

"होतं," आबा म्हणाले. "भाविकाचं. मुलगा धुळ्याचा, योगेंद्र, बँकेत आहे. दोन्हीकडून पसंती होती. पौष लागायच्या आत सुपारी फोडायची म्हणून काल, शुक्रवार, धरला होता. बुधवारी त्यांचा निरोप आला, थांबा."

"का?"

"जळगावचे कोणी दोघं येऊन गावात आमच्या घराची चौकशी करून गेले म्हणे. मुलाच्या वडिलांपर्यंत गेलं ते. म्हणाले, आमच्याशी बोलणी चाललीत आणि तुम्ही मागून दुसरं घर धरून ठेवलंय का? मी म्हटलं, कोण जळगाववाले? मला ठाऊकच नाही. तर म्हणाले, अख्खं गाव खोटं बोलतं का?" आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "बरं, त्यातला एक दुसऱ्यांदा आला, आजारपण आहे का, कोर्ट आहे का विचारून गेला, आणि मग फिरकलाच नाही. आता लोक म्हणतात, चौकशी करून परतले, म्हणजे काहीतरी हाती लागलं असणार. काय लागलं, ते आम्हालाही कळलं तर बरं होईल. वेडा होता की काय कोण जाणे. मुलगा दहावीत आहे म्हणत होता."

हितेंद्रने पेढ्यांच्या खोक्याचं झाकण लावलं.

एका क्षणात त्याला सगळा माल उलटा वाजू लागला. दुधाचा चहा. खडीसाखर. सोनं, सोनं, सोनं. इस्तरीचे शर्ट घालून परगावचे दोन पुरुष लग्नाच्या मुलीच्या घराची चौकशी करतात, तेव्हा गावाला दुसरा कुठला अर्थ लावता येतो? आणि सोयरिकीच्या चौकशीत गाव वाईट बोलत नसतं. एखाद्या लेकीचं मोडल्याचं पाप कोण डोक्यावर घेणार? गाव खोटं बोललं नव्हतं, कुणी पढवलंही नव्हतं. त्याने जे विचारलं असं गावाला वाटलं, त्याचं उत्तर गावाने दिलं होतं.

तोंड उघडायचं तर हीच वेळ होती. खिशातला नऊ प्रश्नांचा कागद त्याच्या हाताला लागला आणि त्याने हात बाहेर काढला. अठ्ठावीस हजार, दोन खोल्या. बोट नकळत खुर्चीच्या हातावर गेलं. टक टक.

शिडीवरची मुलगी थांबली. हातातलं ताट तिने छातीशी धरलं आणि वळून त्याच्या बोटाकडे पाहिलं.

"सोमवारी सांगतो, आबा," म्हणत हितेंद्र उठला.

भाविका त्याला फाटकापाशी गाठायला आली. मिलच्या रिकाम्या खळ्यात, जिथे पुढे तूर वाळत पडणार होती, ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि फाटकाच्या लोखंडी गजावर तिने बोटाचं पेर मारलं, टक टक.

"मंदाअक्का म्हणत होती, त्यातला एक बाकडं वाजवून बघत होता. मला वाटलं, अक्का काहीतरी रंगवून सांगते."

हितेंद्रने उजवा हात पाठीमागे नेला.

"काय सापडलं, काका?"

"काही नाही. मी नोकरीसाठी... आबा खरंच कसे आहेत, एवढंच मला..."

"काही सापडलं नाही, तर ते सांगायला का नाही आलात? खराब निघालं की सगळे सांगत सुटतात. चांगलं निघालं, हे सांगायला कोणी मोटरसायकल काढत नाही." तिचा आवाज चढला नव्हता. "पंधरवडाभर तो मला फोनवर सांगत होता की धुळ्यात खोली बघून ठेवलीये. आता फोन उचलत नाही."

घरी येऊन हितेंद्रने चारुलताला सगळं सांगितलं. तिने फॉल लावायची साडी बाजूला ठेवली, हे यादी लागल्या दिवशीही झालं नव्हतं.

"मुलगी परत आणता येते म्हणाला होतात ना?" ती म्हणाली. "आणा."

दुसऱ्या दिवशी तो शालिग्रामभाऊंना घेऊन धुळ्यात योगेंद्रच्या घरी गेला. वडील जीवराम गुरुजी, निवृत्त शिक्षक. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, एखाद्या पोराने गृहपाठ का केला नाही ते ऐकावं तसं.

"म्हणजे तुम्ही मुलीची नाही, नोकरीची चौकशी करत होतात."

"हो, गुरुजी."

"मालक नोकराची चौकशी करतो, हे मी पाहिलंय. नोकर दोन वेळा शंभर किलोमीटर जाऊन मालकाची चौकशी करतो, हे आज ऐकतोय. आणि मुलीचं वय कशाला विचारलं?"

हितेंद्रने साडूकडे पाहिलं. साडूंनी पंख्याकडे.

"सवय हो," शालिग्रामभाऊ पुटपुटले.

"बरोबर," गुरुजी म्हणाले. "सवयच. तुम्ही आता आबांकडे कामाला लागणार ना? त्यांचं मीठ खाणार. मग त्यांच्या बाजूने बोलायला तुम्ही येणारच. तुमच्या जागी मीही आलो असतो." आणि मग, अगदी समजुतीच्या सुरात, "राग मानू नका. हल्ली चौकशी केल्याशिवाय कोणाचं काही खरं मानू नये."

हे वाक्य हितेंद्रचंच होतं. आतल्या दारात योगेंद्र उभा असल्याचं त्याला दिसलं; वडिलांचं बोलणं संपलं तसा तो आत गेला.

बाहेर आल्यावर शालिग्रामभाऊंनी मोटरसायकलला तीन वेळा किक मारली. "मोडलेल्या पाच झाल्या," ते म्हणाले. यावेळी आवाजात अभिमान नव्हता.

हितेंद्र तिथूनच एसटीने आबांच्या गावी गेला. ओट्यावर न बसता, उभ्याउभ्याच त्याने सांगितलं. शर्टाला इस्तरी कोणी करायला सांगितली, ताईबाईला काय म्हणाला, गुरुजी काय म्हणाले, काही वगळलं नाही. सांगून झाल्यावर नोकरी गेली असं धरून तो फाटकाकडे वळलाही होता.

"थांबा," आबा म्हणाले. आतून कमलबाईंच्या भांड्यांचा आवाज येत होता. चहा मात्र आला नाही.

"पाच वर्षांमागे तुम्ही खरं बोललात तेव्हा तुमची वाढ गेली, हे मला नंतर कोणीतरी सांगितलं होतं. म्हणून तर फोन केला. आज खरं बोललात. आज तुमचं काय गेलं?"

हितेंद्र फाटकापासून परत ओट्यापाशी आला.

"अठ्ठावीस सांगितले होते, अठ्ठावीसच देईन. शब्द फिरवत नाही मी. मंदाबाईने सांगितलं असेलच तुम्हाला." आबांनी टोपी डोक्यावर घातली. "तूर घ्यायला संशयी माणूसच लागतो. फक्त एक करायचं. दाण्याचा संशय आला की दाण्याला दात लावायचा. माणसाचा आला की त्याच माणसाला विचारायचं. मी समोर बसलो होतो, हितेंद्रभाऊ."

संक्रांतीनंतर मिल सुरू झाली. हितेंद्र दाण्याला दात लावायला शिकला, लवकर शिकला. शंभरात तीन पोती तो बाजूला काढतो, शेतकरी त्याला शिव्या देतात आणि माल मात्र त्याच्याकडेच आणतात. तो वजन ओरडून सांगतो आणि टेबलाशी बसलेली भाविका ते वहीत उतरवते. त्याच्याशी ती आकड्यांपलीकडे बोलत नाही. होळीनंतर तिला दोन घरं पाहून गेली. दोघांनीही गावात हेच विचारलं, ते जळगाववाले का परत गेले? गाव म्हणालं, तसं काही नाही, घर सोनं आहे. दोघांनाही ते जरा जास्तच चांगलं वाटलं. दोघंही फिरकले नाहीत.

आता हिशोब मांडायचा तर सोपा आहे. हितेंद्रला पगार मिळाला, दोन खोल्या मिळाल्या, मार्चमध्ये पहिली डाळ घरी आली, तेजसची फी भरून झाली. आबांना हवा तसा माणूस मिळाला. शालिग्रामभाऊंचं तेवढं पेट्रोल गेलं, आणि त्यांनी चौकश्या बंद केल्या. मंदाबाईच्या हॉटेलात हितेंद्र रोज दुपारी चहा पितो आणि ती त्याच्याकडून दहा रुपये मोजून घेते. आता तो गावचाच झाला, पाहुणा नाही.

पैसे राहिले ते फक्त पहिल्या दोन चहांचे. ते तिने घेतले नव्हते.

ते भाविकाने दिले.